प्रश्न तुमचे, स्क्रीन तुमची: लाइट गेली अन् कर्नल अडकला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून शाळेतले, वाचनालयातले, दुकानातले जुने पीसी लोक लिनक्सवर नेऊन राहिलेत आणि ते चांगलंच आहे, पण त्यासोबत आमच्याकडे पत्रंही तशीच येऊन राहिलीत, वायफाय नाही, प्रिंटर नाही, काळी स्क्रीन आली. एक विनंती, नुसतं "चालत नाही" लिहून पाठवू नका. स्क्रीनवरची शेवटची ओळ जशीच्या तशी लिहा, कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्याचा, नंबर लिहा (टर्मिनलमध्ये युनेम -आर टाकलं की येतो), अन् वस्तूच्या खोक्यावरचं नाव नको, आतल्या चिपचा नंबर पाठवा. तो कसा काढायचा ते पुढं येईलच. कमांड इथं देवनागरीत छापतो, तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात करायच्या.

प्रश्न: सर, आमच्या गावच्या वाचनालयात एक पीसी आहे, त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून घेतलं होतं, पोट्टे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतात त्याच्यावर. परवा अपडेट चालू होतं अन् मधातच लाइट गेली, इन्व्हर्टर नाही. लाइट आल्यावर चालू केलं तं काळ्या स्क्रीनवर "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक शून्य शून्य" असं येऊन थांबून राहिलं. तालुक्यातला दुकानवाला म्हणते हार्ड डिस्क गेली, नवीन टाका. खरंच गेली का?
(दारव्हा तालुका, यवतमाळ)

उत्तर: नाही गेली, आणि फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका. डिस्क गेली असती तर ही ओळ छापायला कर्नल आलाच नसता ना. सुरुवातीला ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम चालतो, त्यानं डिस्कवरूनच कर्नल उचलला आणि मेमरीत टाकला, म्हणजे डिस्क वाचल्या जातेय. अडलं पुढं. कर्नलला डिस्कवरची मुख्य फाइल सिस्टम उघडायची तर डिस्कचे ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारे छोटे प्रोग्राम, पाहिजेत, अन् ते ड्रायव्हर पडलेले असतात त्याच न उघडलेल्या डिस्कवर. म्हणून इनिट्रॅमएफएस नावाचं एक गाठोडं असतं, ग्रब ते कर्नलसोबतच मेमरीत टाकतो, कर्नल त्यातून ड्रायव्हर काढतो आणि मग डिस्क उघडतो. अपडेटमध्ये नवीन कर्नल आधी बूट फोल्डरमध्ये येऊन पडतो आणि गाठोडं त्यानंतर बांधलं जातं, जुन्या मशीनवर त्याला चांगला वेळ लागतो, नेमकी तेव्हाच लाइट गेली असणार. ते बांधणं तरी राहून गेलं नाहीतर डिस्कवर नीट उतरलं नाही. "अननोन ब्लॉक शून्य शून्य" चा अर्थ एवढाच की कर्नलला डिस्क म्हणून काहीच दिसून नाही राहिलं.

आता करायचं काय. मशीन चालू करताना ग्रबचा मेनू आणा. जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायची, नव्या, यूईएफआयवाल्या मशीनवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबायची. एकदाच, दाबत सुटलं की मेनूऐवजी नुसतं ग्रब लिहिलेली प्रॉम्प्ट येते, तसं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून परत. मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आहे, त्यात जुना कर्नल दिसेल, म्हणजे खालचा, लहान नंबरचा. तो निवडा. बहुतेक मशीन तिथूनच सरळ चालू होईल, कारण जुन्या कर्नलचं गाठोडं जागेवरच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही.

चालू झालं की टर्मिनल उघडा आणि सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए द्या, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजं ते स्वतःच पूर्ण करायला घेतं, कितीकदा एवढ्यावरच काम होऊन जातं. तरी पुढची पायरी सोडू नका, एलएस -एल /बूट टाकून पहा. प्रत्येक कर्नलच्या नंबराची एक व्हीएमलिनझ आणि त्याच नंबराची एक इनिटआरडी अशी जोडी पाहिजे. नव्या नंबराची इनिटआरडी नसेल, शून्य साइजची असेल किंवा जुनीपेक्षा फारच लहान असेल तर सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के आणि पुढं तो पूर्ण नंबर, मग सुडो अपडेट-ग्रब. मधातच "नो स्पेस लेफ्ट" म्हणालं तर रोग वेगळा आहे, बूटचं पार्टिशन वेगळं काढलेलं असतं तिथं जुने कर्नल साचून साचून जागा संपते, डीएफ -एच /बूट ने दिसेल, सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह ने मोकळी होईल. बूटमधल्या फाइली हातानं डिलीट करत बसू नका, पॅकेज सिस्टमला वाटतं फाइल आहेच आणि पुढच्या अपडेटला नवा घोळ.

मेनूत जुना कर्नल नसलाच तर मिंटच्या इन्स्टॉलच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालू करून, डिस्क माउंट करून, सीएचरूटनं आत शिरून हेच करता येतं, पण त्याला सोबत जाणता माणूस घ्या. दुकानवाल्याला हे माहीत नसणं मी समजू शकतो, पॅनिकच्या त्या स्क्रीनवर "जुना कर्नल निवडून पहा" अशी साधी ओळ कुठंही नसते, असते ती सगळी मेमरीच्या पत्त्यांची रांग, ती पाहून कोणीही म्हणेल काहीतरी मोठं गेलं. अपडेट मात्र यापुढं लाइटचा भरवसा असेल तेव्हाच लावा, अन् ऑटोमॅटिक अपडेट चालू असेल तर वाचनालयाच्या पीसीवर ते बंदच ठेवा, आठवड्यातून एक दिवस कोणीतरी बसून हातानं करायचं.

प्रश्न: ऑनलाइन एक छोटा वायफाय डोंगल मागवला, खोक्यावर लिनक्स सपोर्ट लिहिलं आहे, सोबत छोटी सीडी पण दिली. माझ्याकडे डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आहे. डोंगल लावला की वायफाय येत नाही, सीडी ड्राइव्ह आल्यासारखं दिसते. सीडीतलं इन्स्टॉल चालवलं तं एररच एरर. परत पाठवायचा म्हटलं तं कुरिअरवाला इकडे येत नाही, मलेच आलापल्लीपर्यंत जा लागते.
(एटापल्ली तालुका, गडचिरोली)

उत्तर: तुमच्या पत्रातली "सीडी ड्राइव्ह आल्यासारखं दिसते" ही ओळ फार कामाची आहे. डोंगलच्या पोटात बनवणाऱ्यानं विंडोजचा ड्रायव्हर भरून ठेवलेला असतो, विंडोजवर लावला की तो आधी सीडी बनून समोर येतो, ड्रायव्हर टाकतो आणि मग वायफाय बनतो. पूर्वीचे थ्रीजीचे डेटा कार्ड हेच करायचे. लिनक्सवर त्याला "आता रूप बदल" असं सांगावं लागतं.

एलएसयूएसबी कमांड द्या. जी यादी येईल त्यात प्रत्येक ओळीत दोन तुकड्यांचा नंबर असतो, मधे विसर्गासारखे दोन ठिपके. तुमच्याकडे बहुतेक ०बीडीए:१ए२बी असेल. पहिला तुकडा कंपनीचा, ०बीडीए म्हणजे रिअलटेक, आणि १ए२बी म्हणजे अजून सीडीच्या रूपात आहे. आता फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट करा, दोन-चार सेकंद थांबा, परत एलएसयूएसबी. नंबरचा दुसरा तुकडा बदललेला दिसेल. हा बदललेला नंबर म्हणजे खरी चिप, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दर वेळी इजेक्ट करायचं नसेल तर यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज टाका, ते बहुतेक वेळा आपोआप करतं.

समजा नंबर ०बीडीए:सी८११ झाला, या छोट्या डोंगलात तो बराच सापडतो, म्हणजे आत ८८२१सीयू घराण्यातली चिप आहे. तिचा ड्रायव्हर आरटीडब्ल्यू८८ आणि त्याला यूएसबीची जोड कर्नल ६.२ मध्ये मिळाली, फेब्रुवारी २०२३. डेबियन १२ सोबत येतो कर्नल ६.१. एका पायरीनं हुकलं! डोंगल खराब नाही, डेबियनही खराब नाही, फक्त दोघांची भेट झाली नाही. ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलंय, त्यात ६.१२ आहे, त्यावर जा आणि फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज असल्याची खात्री करा, कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी चिपमध्ये भरायचा जो कोड, फर्मवेअर, तो वेगळ्या पॅकेजात असतो. तो सापडला नाही तर डीएमईएसजी कमांडनं दिसणाऱ्या कर्नलच्या बोलण्यात "फर्मवेअर फेल्ड टू लोड" सारखी ओळ येते, त्या ओळीत फाइलचं नावही असतं.

आता म्हणाल वायफायच नाही तर हे सगळं उतरवू कशानं. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कर्नलमध्ये आधीच आहे, वायर लावल्यासारखं नेट येतं. जिओ असो की बीएसएनएल, ज्याची रेंज पकडेल ते.

सीडीतला ड्रायव्हर का बनला नाही तेही सांगतो, कारण त्यात तुमची काही चूक नाही. लिनक्सवाले एक गोष्ट कसोशीनं पाळतात, तुम्ही-आम्ही वापरतो ते प्रोग्राम कर्नल बदलल्यानं मोडता कामा नयेत. पण कर्नलच्या आतल्या आत ड्रायव्हर ज्या फंक्शनांवर चालतात ती ते वाटेल तेव्हा बदलतात, तसं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उघड लिहूनच ठेवलंय की आतला इंटरफेस स्थिर राहणार नाही, ड्रायव्हर आमच्या झाडात, म्हणजे कर्नलच्या मुख्य सोर्समध्ये, आणून लावा मग आम्हीच सांभाळू. कंपनीनं कधीकाळी ३ च्या घरातल्या कर्नलवर कोड लिहिला, सीडीवर छापला आणि विसरून गेली. खोक्यावरचं "लिनक्स सपोर्ट" म्हणजे तेव्हा कधीतरी तेव्हाच्या लिनक्सवर चाललं होतं, एवढंच.

आणि पुढच्या वेळी घेताना नावावर जाऊ नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा लिनक्सवाल्यांचा जुना लाडका डोंगल, पण त्याच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची चिप होती जी लावली की चालायची, दुसऱ्यापासून रिअलटेकची आली. बाहेरून ओळखू येत नाही, नाव तेच. लोक जुना सल्ला वाचून नवा डोंगल घेतात आणि मग आम्हाला पत्र लिहितात. विकणाऱ्याला चिपचा नंबर विचारा, त्याला सांगता आला नाही तर घेऊ नका, तुमच्यासारख्या ठिकाणी परत पाठवणं म्हणजे एक दिवस मोडला.

प्रश्न: आमची जिनिंग आहे, वजनकाट्याचा डिस्प्ले यूएसबी टू सीरियल केबलनं पीसीले जोडला, मुलानं पायथनमध्ये प्रोग्राम केला, वजन सरळ पावतीवर येत होतं. जुना पीसी होता तवा चाललं. नव्यावर उबुंटू २२.०४ टाकलं तं टीटीवाययूएसबी शून्य नावाचं पोर्टच सापडत नाही. केबल दोन बदलल्या. दुसरं, उन्हाळ्यात दुपारी पीसी आपोआप बंद होते, त्याचंही सांगजा.
(अकोट, अकोला)

उत्तर: भाऊ, केबलचे पैसे वाया गेले, आधी विचारलं असतं तर वाचले असते. केबल लावल्या लावल्या सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू चालू ठेवून पहा, ही कमांड कर्नल काय बोलतोय ते जसंच्या तसं दाखवत राहते. तुम्हाला साधारण अशा क्रमानं दिसेल: सीएच३४१ कन्व्हर्टर सापडला, टीटीवाययूएसबी० ला जोडला, आणि लगेच खाली, बीआरएलटीटीवायनं इंटरफेस घेतला, कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून सुटला. म्हणजे पोर्ट येतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातं, तुम्ही पाहायला जाता तोवर काहीच नसतं.

हा बीआरएलटीटीवाय कोण? अंध माणसांसाठी ब्रेलचे डिस्प्ले असतात ते चालवणारा प्रोग्राम. काही ब्रेल डिस्प्लेत हीच स्वस्त सीएच३४० चिप आहे, यूएसबी नंबर १ए८६:७५२३, आणि तुमच्या केबलमध्येही तीच. दोघांचा नंबर एक, त्यामुळे त्याला वाटलं आपलं ब्रेल आलं, त्यानं झडप घातली. उबुंटू २२.०४ आणि त्यावर उभं असलेलं मिंट २१, दोन्हीत हे होतं. काट्यावर कोणी ब्रेल वापरत नसेल तर सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय, केबल काढून परत लावा, पोर्ट हजर. वापरणारं कोणी असेल तर प्रोग्राम काढू नका, यूडेव्ह, म्हणजे लावलेली वस्तू ओळखणारा भाग, त्याच्या नियमांमधली त्या नंबराची ओळ तेवढी बंद करा. हा प्रोग्राम मुळात टाकलेला असतो म्हणून शिव्या देऊ नका, अंध माणसाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय पीसी चालू करता यावा म्हणून तो आहे, फक्त नंबर वाटताना चिपवाल्यांनी हात आखडता घेतला.

पोर्ट आल्यावर "परमिशन डिनाइड" आलं तर मुलाला सांगा युजर डायलआउट ग्रुपमध्ये टाकायचा आणि लॉगआउट करून परत यायचं. रूटनं प्रोग्राम चालवून वेळ मारून नेऊ नका. आणखी एक, प्रोग्राममध्ये टीटीवाययूएसबी० असं नाव घट्ट बांधू नका, दुसरी एखादी केबल आधी लागली की नंबर बदलतो आणि कापसाच्या गाड्यांची लाइन लागलेली असताना काटा बंद पडतो. /डेव्ह/सीरियल/बाय-पाथ मधलं नाव वापरा, ते कोणत्या यूएसबीच्या भोकात केबल आहे त्यावरून ठरतं. बाय-आयडी या केबलला कामाचं नाही, हिच्यात स्वतःचा सीरियल नंबरच नसतो. त्या भोकाला ऑइल पेंटचा एक ठिपका लावून ठेवा, म्हणजे झाडझूड करणारा दुसरीकडे खुपसणार नाही.

दुपारच्या बंद पडण्याचं कर्नलनं लिहून ठेवलेलंच असेल. परत चालू केल्यावर जर्नलसीटीएल -के -बी -१ द्या, म्हणजे आधीच्या खेपेचं शेवटपर्यंतचं बोलणं दिसतं, त्यात "क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड" शोधा. ती ओळ नसेल आणि बोलणं मधातच तुटलं असेल तर व्होल्टेज नाहीतर एसएमपीएस तपासा. असेल तर कॅबिनेट उघडा. जिनिंगमधल्या पीसीच्या हीटसिंकवर कापसाची रुई बसून बसून गादी झालेली असते, पंखा फिरतो पण हवा पार जात नाही, बाहेर ४५ डिग्री आणि आत ही गादी. ब्लोअरनं उडवा पण पंख्याच्या पात्यात काडी अडकवून, नाहीतर हवेनं पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. लिनक्सनं बंद केलं म्हणून त्याला दोष देऊ नका, त्यानं प्रोसेसर वाचवला.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे. स्वतःचा कर्नल कंपाइल (सोर्स कोडपासून तयार) करायचा होता. आधी "कॅनोनिकल-सर्ट्स.पेम" बनवायचा नियम नाही म्हणून थांबला, मग डिस्क भरली, मग एका जुन्या लेखात वाचून लोकलमॉडकॉन्फिग केलं तर कर्नल चालू झाला पण पेन ड्राइव्ह घेत नाही. डॉक्युमेंटेशन वाचलं पण हे कुठंच नाही.
(पुसद, यवतमाळ)

उत्तर: तुझ्या मशीनला स्वतःच्या कर्नलची गरज नाही हे आधी सांगून टाकतो, वेग-बिग काही वाढत नाही. पण शिकायला करून राहिलास तर यासारखं दुसरं काही नाही, कर.

पहिला अडथळा यामुळे की तू उबुंटूचीच कॉन्फिग फाइल घेतलीस, ती उबुंटूच्या स्वतःच्या सर्टिफिकेटच्या फाइलकडे बोट दाखवते, आणि ती फाइल मूळ कर्नलच्या सोर्समध्ये नसतेच. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल सिस्टम_ट्रस्टेड_कीज, तसंच सिस्टम_रिव्होकेशन_कीज. (ही ऑप्शनची नावं मात्र मोठ्या अक्षरात.) कर्नलच्या बाजूनं पाहिलं तर ही उबुंटूची गोष्ट, उबुंटूच्या बाजूनं पाहिलं तर मूळ सोर्स हा तुझा उद्योग, म्हणून दोघांच्याही कागदात नाही. डॉक्युमेंटेशनमधल्या फटी बहुतेक अशाच असतात, दोन वावरांच्या धुऱ्यावरचं गवत, कोणीच कापत नाही.

डिस्क भरते डीबगच्या माहितीमुळे, ऑब्जेक्ट फाइली फुगून कित्येक जीबी खातात. जुने लेख सांगतात डीबग_इन्फो डिसेबल कर. तू केलं असशील आणि ते परत चालू झालं असेल, बरोबर? कर्नल ५.१८ पासून तिथं चार-पाच पर्यायांतून एक निवडायची सोय आली, त्यामुळे आता डीबग_इन्फो_नन एनेबल करावं लागतं. लेख चुकीचा नव्हता, त्याचं वय झालं. म्हणून कुठलाही लेख वाचताना आधी तो कोणत्या कर्नलच्या वेळचा आहे ते पहायचं, तारीख नसलेल्या लेखावर वेळ घालवूच नको.

आता पेन ड्राइव्ह. लोकलमॉडकॉन्फिग काय करतं, त्या क्षणी जे मॉड्यूल, म्हणजे कर्नलचे सुटे तुकडे, मेमरीत आहेत तेवढेच ठेवतं आणि बाकी सगळे छाटतं. तू कमांड दिली तेव्हा पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी-स्टोरेज गेलं. एलएसयूएसबीमध्ये पेन ड्राइव्ह दिसेल पण डिस्क बनणार नाही, आणि मॉडप्रोब यूएसबी-स्टोरेज दिलं तर मॉड्यूल नॉट फाउंड म्हणेल. परत मूळ कर्नलवर जा, घरात-मित्राकडे जे जे असेल ते सगळं एकदा लाव आणि वापर, पेन ड्राइव्ह, मोबाइल टेदरिंग, प्रिंटर, प्रोजेक्टर, ब्लूटूथ, कॅमेऱ्याचं एक्सफॅट कार्ड, आणि मग कमांड दे. मेनूकॉन्फिगमध्ये प्रत्येक ऑप्शनवर हेल्प असते, तिच्या शेवटी बरेचदा "खात्री नसेल तर नाही म्हणा" किंवा "हो म्हणा" असं लिहिलेलं असतं, सध्या ते निमूटपणे ऐकायचं. मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरांचे फोल्डर आहेत, त्यात आपल्या भाषांचं कोणी घातलेलं मला दिसलं नाही. तू आता अडकत अडकत जे शिकलास ते मराठीत लिहून काढ, कर्नलच्या नंबरासकट.

प्रश्न: माझं गावात सेवा केंद्र आहे. पीसीवर विंडोज ११ होत नाही म्हणून भाऊ म्हणतो लिनक्स टाकून देतो. बोटाचे ठसे घ्यायचं मशीन, वेबकॅम, एचपी १०२० प्रिंटर एवढं आहे. टाकू का?
(कारंजा लाड, वाशिम)

उत्तर: ताई, ज्या पीसीवर तुमची रोजी आहे त्यावर लगेच नका टाकू. वेबकॅमची काळजी नाही, हल्लीचे जवळपास सगळे यूव्हीसी नावाच्या ठरलेल्या पद्धतीचे असतात, कर्नलमध्ये २००८ पासून त्याचा ड्रायव्हर आहे. अडेल ते ठशाच्या मशीनवर. आधारसाठी नुसता ड्रायव्हर पुरत नाही, बनवणाऱ्या कंपनीची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ठसे सुरक्षितपणे पाठवणारा प्रोग्राम, चालू पाहिजे, आणि ती बहुतेक करून विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनते. तुमच्या मॉडेलची लिनक्सची आरडी सर्व्हिस कंपनीच्या साइटवर आहे का आणि तुमचं पोर्टल ती घेतं का, ही दोन उत्तरं "हो" आल्याशिवाय पुढं जाऊ नका. लिनक्समध्ये लाल दिवा लागला म्हणजे मशीन चालली असं नाही.

एचपी लेझरजेट १०२० ची गंमत वेगळी. त्याच्यात फर्मवेअर कायमचं साठत नाही, बंद केला की विसरतो, दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरनं ते परत भरायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो म्हणून कळत नाही. लिनक्सवर एचपीएलआयपी टाकून सुडो एचपी-प्लगइन चालवावं लागतं, ते एकदा नेटवरून फर्मवेअर आणून ठेवतं. नाही केलं तर प्रिंटर दिसतो, प्रिंटही पाठवल्या जाते, कागद मात्र हलत नाही. तुमच्याकडे दिवसातून पाच वेळा लाइट जात असेल तर पाच वेळा हे होणार. आणि कोणी स्वस्तात जुना कॅनन एलबीपी २९०० देतो म्हटलं तर लिनक्ससाठी घेऊ नका, त्याची कॅप्ट नावाची पद्धत लावता लावता दिवस जातो.

भावाला सांगा पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून एखाद्या रविवारी सगळं जोडून पाहायचं, डिस्कला हात न लावता. पटलं तर वेगळी छोटी एसएसडी घेऊन त्यावर लिनक्स, विंडोजची डिस्क तशीच राहू द्या.

प्रश्न: शाळेला दान मिळालेले जुने पीसी आहेत, नवीन डेबियनची ३२ बिट इमेज सापडत नाही.
(धारणी, मेळघाट)

उत्तर: गुरुजी, ३२ बिटचं इन्स्टॉलर डेबियन १२ पर्यंतच होतं, १३ मध्ये काढलं. पण आधी एखाद्या पीसीवर एलएससीपीयू टाकून पहा, सीपीयू ऑप-मोड्सच्या ओळीत ६४-बिट लिहिलं असेल तर काही प्रश्नच नाही, ६४ बिट टाका. त्यावर ३२ बिट विंडोज एक्सपी होतं म्हणून मशीनही ३२ बिटचं असेल असं लोक धरून चालतात, डेस्कटॉपचे पेंटियम ड्युअल कोर अन् सगळे कोअर टू ड्युओ ६४ बिटचे आहेत. रॅम एक-दोन जीबी असेल तर एक्सएफसीई नाहीतर एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडा.

प्रश्न: रात्री मेन स्विच बंद करतो, सकाळी पीसीची तारीख भलतीच जुनी दाखवते, अपडेट म्हणते "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट", वेबसाइटही उघडत नाहीत.
(सालेकसा, गोंदिया)

उत्तर: मदरबोर्डवरचा सेल संपला, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख मागे गेली की वेबसाइटची सर्टिफिकेटं आणि अपडेटच्या फाइली लिनक्सला भविष्यातल्या वाटतात, म्हणून तो नाही म्हणतो. मेन स्विच बंद करून, पॉवर केबल काढून सेल बदला, प्लसची बाजू वर, मग बायॉसमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम एकदा पाहून घ्या, सेल गेल्यावर तो क्रमही बदललेला असतो.